चाकणच्या लेकरांचा पहिला डॉक्टर

म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी. एका पिढीपूर्वी ही खेड तालुक्यातली कांद्या-बटाट्याची गावे होती. आज त्यांच्या शिवारात मोटारी, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात आणि गावठाणाच्या कडेने भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. खोलीतले जोडपे नांदेड, बीड, बुलढाण्याचे असते, नाहीतर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे. वय पंचविशीच्या आसपास, पदरात एक-दोन लहान मुले आणि आजी-आजोबा दूर गावाकडे. रात्री दोन वाजता बाळ तापाने फणफणले, तर चार पावसाळे जास्त पाहिलेले घरात कुणी नसते. सकाळी पहिल्या पाळीला गेले नाही तर खाडा पडतो आणि कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे तेवढा पगार गेला.

असे मूल आधी कुणाकडे जाते? थेट बालरोगतज्ज्ञाकडे क्वचितच. ते जाते खोलीपासून चालत जाता येईल अशा दवाखान्यात, तेही बहुधा संध्याकाळी सातनंतर. तिथल्या बाकावर आजोबांचा रक्तदाब, प्रेसवर चेचलेले बोट आणि गरोदर बाईच्या उलट्या असे सगळेच आपापला नंबर यायची वाट पाहत असतात. या दवाखान्यातला डॉक्टर मुलांबद्दल काय शिकून आला आहे, यावर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या असंख्य लेकरांचे बरेवाईट ठरते.

फॅमिली डॉक्टरचे शिक्षण

‘फॅमिली डॉक्टर’ महाराष्ट्राला नवा नाही. पण बहुतेक फॅमिली डॉक्टर आपले काम शिकले ते अनुभवातून, कुणा ज्येष्ठाच्या हाताखाली. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये बालरोग विभागाच्या वाट्याला मोजकेच आठवडे येतात. तेवढ्यात इंजेक्शन देणे आणि केसपेपर भरणे जमते. आजारी मूल बघून त्याच्याबद्दल निर्णय घेणे जमत नाही.

ही उणीव भरून काढणारी शाखा म्हणजे फॅमिली मेडिसिन. अमेरिकेत १९६९ मध्ये तिला स्वतंत्र तज्ज्ञशाखेचा दर्जा मिळाला. भारतात राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आहे, अलीकडे दोन वर्षांची पदविकाही सुरू झाली आहे आणि थोड्या महाविद्यालयांत एमडी करता येते. २००२ आणि २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी या शाखेचा विस्तार व्हावा असे म्हटले, तरी जागा अजून फार थोड्या आहेत. हे शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग अशा विभागांत आळीपाळीने काम करतो. बालरोगाला त्यातले काही महिने मिळतात. ते महिने कुठे आणि कसे घालवायचे, हा खरा प्रश्न आहे.

वॉर्ड एक शिकवतो, दवाखाना दुसरे मागतो

मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात मूल पोचते ते दोन-तीन चाळण्यांतून. आधी कुणीतरी ते तपासलेले असते, ते गंभीर आहे हे ठरलेले असते. तिथला निवासी डॉक्टर सलाईन लावायला, ऑक्सिजन द्यायला, आकडी थांबवायला शिकतो. हे सगळे त्याला आलेच पाहिजे. पण पुढे म्हाळुंग्यात दवाखाना थाटल्यावर त्याच्यासमोर येणारी बहुतेक मुले तीन-चार दिवसांत आपोआप बरी होणारी असतात. सर्दी, साधा खोकला, विषाणूंचा ताप, सौम्य जुलाब. त्या गर्दीत मधूनच एखादे मूल असे येते, की ज्याला आज रात्रीच रुग्णालयात नेले नाही तर ते हातचे जाईल. सुरुवातीच्या काही तासांत ते मूलही इतरांसारखेच दिसते.

ते एक मूल हेरणे हे फॅमिली डॉक्टरचे मुख्य काम आहे. वॉर्डात शिकलेला डॉक्टर दोन प्रकारे चुकू शकतो. प्रत्येक तापात त्याला मेंदूज्वर दिसू लागतो आणि तो सरसकट रक्ततपासण्या, अँटिबायोटिक, रुग्णालयाची चिठ्ठी देत सुटतो. नाहीतर रोज साठ शेंबडी मुले बघून त्याची नजर मरते आणि एकसष्टावे मूल निसटते. म्हणूनच अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या नियमांत रुग्णालयातील आजारी मुलांचा अनुभव आणि बाह्यरुग्ण विभागातील मुलांचा अनुभव यांचा विचार वेगवेगळा केलेला आहे. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

एक मिनिट श्वास मोजणे

गंभीर मूल ओळखण्याची एक पद्धत जगाने खूप कष्टाने शोधली आहे आणि तिला लागते फक्त सेकंदकाटा असलेले घड्याळ. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की खोकणाऱ्या मुलात न्यूमोनियाची शंका घ्यायला श्वासाचा वेग हे भरवशाचे लक्षण आहे. त्या पायावर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बालआजारांच्या एकत्रित व्यवस्थापनाची पद्धत उभी केली. भारताने २००३ च्या सुमारास तीत पहिल्या आठवड्यातील नवजात बाळाची भर घातली आणि ती ‘आयएमएनसीआय’ म्हणून रूढ झाली. तिचे आकडे फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरला झोपेतही आठवले पाहिजेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे.

आकडे पाठ करायला पाच मिनिटे लागतात. मोजायला शिकण्यात आठवडे जातात. बाळ रडत असेल तर मोजणी फुकट, म्हणून आधी ते आईच्या कुशीत शांत होऊ द्यायचे. झबले वर करायचे, उजेड पोटावर येईल असे आईला बसवायचे, स्टेथोस्कोप गळ्यातच राहू द्यायचा आणि पोटाच्या वरखाली होण्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच तो भराभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो. दोन महिन्यांच्या आतील बाळात आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचे. मग बरगड्यांच्या खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातो का, हे पाहायचे. मराठवाड्याची आई सांगते, “पोट उडतंय, डॉक्टर.” बिहारची आई म्हणते, “पसली चल रही है.” असे सांगणाऱ्या आईचे मूल नंबर तोडून आधी तपासायचे, हेही प्रशिक्षणातच मुरले पाहिजे.

ही विद्या फक्त डॉक्टरांची नाही, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि बालमृत्यू कमी झाल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो अहवाल १९९९ चा. त्यातूनच आज देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. गावच्या कार्यकर्तीला जे जमले ते पदव्युत्तर डॉक्टरला जमलेच पाहिजे आणि त्याने ते आशाताईंबरोबर चार घरे फिरून शिकायला हरकत नाही.

वजनकाट्याशिवाय औषध नाही

मोठ्यांच्या औषधाची मात्रा बहुतेक वेळा ठरलेली असते. मुलाची मात्रा किलोवर ठरते. ताप उतरवणारे पॅरासिटामॉलच घ्या. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता मेडिकलच्या दुकानात हेच औषध तीन रूपांत मिळते. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे सिरप, पाच मिलिलिटरमध्ये २५० चे सिरप आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स. म्हणजे त्याच मुलाला पहिल्यातून ६ मिलिलिटर, दुसऱ्यातून ३ आणि ड्रॉप्समधून फक्त दीड मिलिलिटर द्यायचे. डॉक्टरने ‘सहा एमएल’ एवढेच सांगितले, घरात ड्रॉप्सची बाटली होती आणि आईने तीच वापरली, तर मुलाच्या पोटात चौपट औषध गेले. म्हणून निवासी डॉक्टरला शिकवायचे ते असे: प्रत्येक मुलाचे वजन करा, ते केसपेपरवर लिहा, चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहा, घरातली बाटली दाखवायला सांगा आणि मापाच्या झाकणावर पेनाने खूण करून द्या.

जुलाब, ओआरएस आणि वढू

जुलाबांत मूल दगावते ते शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे द्यायला लावले आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आणले. आज थोडा शोष पडलेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यायचे, हा नियम आहे. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. हे पाऊण लिटर वाटी-चमच्याने पाजायचे आणि ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करायचे, हे निवासी डॉक्टरने एकदा तरी स्वतः चार तास बसून केले पाहिजे. तेव्हाच त्याला कळते की दमलेल्या आईला ‘ओआरएस पाजत राहा’ एवढे सांगून भागत नाही. जोडीला १४ दिवस झिंक: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. गोड फळपेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी दुकानातून नेमके काय आणायचे, हे पुडी हातात धरून दाखवलेलेच बरे. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी आज, अर्धी उद्या असे चालत नाही.

या विषयाचे मोठे विद्यापीठ चाकणपासून फार दूर नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतात तयार झालेल्या रोटाव्हायरस लसीची शेवटच्या टप्प्यातली मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या ग्रामीण भागात झाली. त्यातला पुण्याचा वाटा केईएमने उचलला. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळे तीत होती. तीव्र रोटाव्हायरस जुलाब लसीमुळे निम्म्याहून अधिक टळतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली. ही लस आपल्याच पट्ट्यातल्या आयांच्या विश्वासावर तपासली गेली आहे, हे निवासी डॉक्टरला माहीत असले पाहिजे.

पेनिसिलीनच्या गावात संयम

पिंपरीचा औद्योगिक इतिहास मोटारींच्या आधी औषधाने सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्या पेनिसिलीनने असंख्य जीव वाचवले. पण साध्या सर्दीला आणि बहुतेक पाण्यासारख्या जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही. ते कधी द्यायचे नाही हे ठामपणे ठरवणे आणि आईला ते पटेल असे सांगणे, ही शिकायची गोष्ट आहे. कारण चिठ्ठी कोरी ठेवली की पुढच्या वेळी मूल शेजारच्या दवाखान्यात जाईल, अशी भीती तरुण डॉक्टरला असतेच.

खोकल्याच्या औषधांबाबत तर हा संयम जीवनमरणाचा ठरला आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या कफ सिरपने वीसहून अधिक मुलांचे प्राण घेतले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक मुलांना नागपूरला आणले होते. दोष विषारी औषध तयार करणाऱ्यांचा होता, यात शंका नाही. पण एवढ्या लहान मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधे द्यायचे मुळात कारण नसते. दोन वर्षांखालील मुलांना ती लिहू नयेत, अशी सूचना केंद्राने त्यानंतर पुन्हा दिली. फॅमिली डॉक्टरला हे न लिहिण्याचे धैर्य प्रशिक्षणातच मिळायला हवे, आणि ते त्याला त्याच्या शिक्षकाच्या चिठ्ठ्या बघूनच मिळते.

नवजात बाळ आणि तळेगाव चौक

दोन महिन्यांच्या आतील बाळाचे नियम वेगळे. त्याला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असे नाही, अंग गारही पडते. काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असो, नाहीतर ३५.५ च्या खाली गेलेले असो, दोन्ही सारखेच धोक्याचे. कालपर्यंत नीट दूध ओढणारे बाळ आज ओढत नाही, हे आईचे वाक्य कुठल्याही तपासणीइतके वजनदार. पहिल्याच दिवशी दिसलेली कावीळ किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा म्हणजे लगेच रुग्णालय.

आणि रुग्णालय म्हणजे रस्ता आला. चाकणच्या तळेगाव चौकातली आणि आंबेठाण चौकातली कोंडी ज्याने संध्याकाळी भोगली आहे, त्याला ‘वायसीएमला घेऊन जा’ (म्हणजे महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात) या तीन शब्दांत किती वेळ दडला आहे हे ठाऊक असते. म्हणून बाळाला पाठवण्याआधीचे दवाखान्यातले काम निवासी डॉक्टरला पक्के यायला हवे. ठरलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्यायचा, बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचे, पिता येत असेल तर वाटेत दूध चालू ठेवायचे, १०८ रुग्णवाहिका बोलवायची आणि पुढच्या डॉक्टरला फोन करून चिठ्ठीवर वेळ व डोस लिहायचा.

बरे असलेले मूलही तपासायचे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय. यातली बहुतेक मुले ‘आजारी’ म्हणून दवाखान्यात येतच नाहीत. ती खोकल्यासाठी येतात आणि डॉक्टरने वाढीचा तक्ता उघडला तरच तीन महिने सपाट राहिलेली वजनाची रेघ दिसते. दंडाचा घेर मोजायला फक्त एक फीत लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण. वारंवार खोल्या बदलणाऱ्या घरांत लसीकरणाचे कार्ड गावाकडेच राहिलेले असते. राहिलेल्या लसी कुठून पुढे सुरू करायच्या याचा हिशेब करणे हेही कौशल्यच आहे. आई कामावर गेल्यावर बाळ कोण सांभाळते, त्याला दुपारी काय खायला घालतात, हे विचारल्याशिवाय त्या सपाट रेघेचे कारण सापडत नाही.

प्रशिक्षण कुठे व्हावे

शिकायला लागणारे सगळे या पट्ट्यात आहे. संत तुकारामनगरला महापालिकेचे ७५० खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पिंपरी आणि तळेगावला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, चिंचवडच्या मोहननगरला कामगार विमा रुग्णालय, चाकणला ग्रामीण रुग्णालय आणि त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, आशाताई. माझे म्हणणे असे, की निवासी डॉक्टरच्या बालरोगाच्या महिन्यांपैकी फार तर निम्मे वॉर्ड, तातडी विभाग आणि नवजात कक्षात जावेत. उरलेले बाल ओपीडीत, लसीकरणाच्या दिवशी केंद्रावर, वजनाच्या दिवशी अंगणवाडीत आणि पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत एखाद्या अनुभवी फॅमिली डॉक्टरच्या शेजारच्या खुर्चीवर.

त्यातही दोन गोष्टी सोडू नयेत. एक, शिक्षकाने कोपऱ्यात बसून निवासी डॉक्टरला मूल तपासताना प्रत्यक्ष बघावे. नोंदवहीत शंभर मुले लिहिली म्हणजे शंभर श्वास नीट मोजले असे होत नाही. दुसरे, पुढे पाठवलेल्या आणि घरी सोडलेल्या मुलांचे काय झाले, हे दोन दिवसांनी फोन करून विचारून घ्यावे. आपला अंदाज कुठे बरोबर आला आणि कुठे चुकला हे कळल्याशिवाय नजर तयार होत नाही. वॉर्डात मूल डोळ्यांसमोर असते, दवाखान्यातून ते निघून जाते. म्हणून ही सवय मुद्दाम लावावी लागते.

परत कधी यायचे

पहिल्या भेटीत कुणालाच सगळे कळत नाही. म्हणून दवाखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक आईला काय सांगायचे, तेही शिकवायचे असते. “ताई, आज याची छाती साफ आहे. पण दूध किंवा पाणी पिईना, सगळंच ओकून टाकू लागला, झटका आला, हाका मारूनही डोळे उघडेना किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. यातलं काही झालं नाही तरी परवा दाखवा.” मग तिलाच विचारायचे, “कधी निघायचं, सांगा बरं?” तिने आपल्या शब्दांत परत सांगितले की काम झाले. नवरा रात्रपाळीला असेल तर तेव्हा रिक्षा कोण बोलावणार, पैसे आहेत का, हेही त्याच बैठकीत ठरवायचे.

या सगळ्याला लागते घड्याळ, वजनकाटा, तापमापी, एक फीत आणि शिक्षकाचा वेळ. पहिल्या चार वस्तू स्वस्त आहेत. पाचवी महाग आहे आणि तिच्यासाठीच महापालिकेने, वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि कामगारांच्या जिवावर चाललेल्या कंपन्यांनी पैसा व माणसे द्यायला हवीत. फॅमिली मेडिसिनच्या जागा या पट्ट्यात वाढाव्यात आणि त्यातले मुलांचे शिक्षण वॉर्डाच्या दाराबाहेर, खोल्यांच्या रांगांपर्यंत यावे. गंभीर मुलासाठी मोठ्या रुग्णालयात खाट हवीच. पण त्या खाटेपर्यंत मूल वेळेवर पोचेल की नाही, हे गल्लीतल्या दवाखान्यात ठरते, आणि तिथल्या डॉक्टरला घडवणे आपल्या हातात आहे.